‘सिगारेट ओढतोस का?’ हा प्रश्नच अपुरा आहे

मागे उभे आहात ते पुढे येऊन बसा, खुर्च्या रिकाम्या आहेत. हं, तर.

विशीतल्या एखाद्याला विचारा, सिगारेट ओढतोस का? सरळ नाही म्हणतो. आणि त्याच्या परीने तो खरंच बोलत असतो, कारण पाकीट त्याने कधी विकत घेतलेलं नाही, फक्त शनिवारी मित्र जमले की एक जॉइंट, म्हणजे गांजा भरून वळलेली सिगारेट, फिरतो आणि त्या जॉइंटमध्ये निम्मीअर्धी तंबाखू असते. ती कशाला घालतात? तर नुसता गांजा नीट पेटत राहत नाही, शिवाय तंबाखू घातली की माल पुरतो. युरोपात तर बहुतेक असंच ओढतात. ब्लंट नावाचा जो प्रकार आहे, त्यात तर गांजा भरायलाच तंबाखूचं पान लागतं. म्हणजे आठवड्याला निकोटिन पोटात, सॉरी, फुफ्फुसात जातंय आणि फॉर्मवर मात्र नॉन-स्मोकर.

आता यातली खरी मजा बघा (मजा कसली म्हणा). झुरका घेतला की 10 ते 20 सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं, पण रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, म्हणून शरीर परत मागायला लागतं. टीएचसीचं, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या द्रव्याचं, उलटं आहे, ते चरबीत साठतं आणि रोज ओढणाऱ्याच्या शरीरात कित्येक आठवडे सापडतं. आता रोज असा मिक्स जॉइंट ओढणारा माणूस एक दिवस थांबला, चिडचिड झाली, झोप लागेना, तर तो म्हणणार गांजाची तलफ आली. असेलही, गांजा सोडताना त्रास होतो हे डीएसएम-5 ने, म्हणजे मानसिक आजारांचं निदान करायच्या अमेरिकन पुस्तकाने, 2013 साली मान्य केलंय. पण नेमकी हीच लक्षणं निकोटिन सुटल्यावरही येतात, त्यामुळे नक्की काय मागतंय शरीर हे त्याचं त्यालाच कळत नाही, आणि मग गांजा सोडला म्हणून खूश असलेला माणूस सहा महिन्यांत रोजच्या सिगारेटवर आलेला असतो. उलटंही होतं, सिगारेट सोडली पण रात्रीचा जॉइंट चालू, म्हणजे निकोटिन काही सुटलंच नाही.

आकडे थोडेच सांगतो. अमेरिकेत मॉनिटरिंग द फ्युचर नावाचा सर्व्हे 1975 पासून चालू आहे. त्यात तरुणांमधली सिगारेट कित्येक वर्षं उतरत चाललीय, आणि 2022 मध्ये 19 ते 30 वयातल्या जवळपास 44 टक्के लोकांनी वर्षभरात कधीतरी गांजा घेतला होता, 11 टक्के रोज किंवा जवळजवळ रोज. मला विचाराल तर 44 सोडा, 11 कडे बघा. पार्टीत कधीतरी ओढणारा आणि उठल्या उठल्या ओढणारा यांना एका खान्यात टाकून काहीच कळत नाही. त्यात माल पण तोच राहिलेला नाही, तिकडे पकडलेल्या गांजात 1995 च्या सुमाराला टीएचसी साधारण 4 टक्के असायचं, 2021 पर्यंत ते 15 च्या आसपास गेलं.

म्हणून मी आता ओढतोस का असं विचारतच नाही. शेवटच्या जॉइंटमध्ये काय काय होतं, ओढून झाल्यावर वर एक सिगारेट लागते का, उठल्यापासून किती वेळाने पहिला झुरका, एकटा असताना ओढतोस का, असं विचारतो. उत्तरं लगेच येतात, कारण यात कबुली दिल्यासारखं वाटत नाही.

काय म्हणालात? वेप? म्हणजे द्रव तापवून त्याची वाफ ओढायचं ते बॅटरीवरचं यंत्र. हो, तोच प्रश्न राहिला होता. धूर नाही म्हणून लोक त्याला धरतच नाहीत. पण वरून बघून आत निकोटिन आहे की टीएचसी की आणखी काही, हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही, आणि कधीकधी ओढणाऱ्यालाही नाही. 2019 मध्ये अमेरिकेत वेप ओढणाऱ्यांची फुफ्फुसं अचानक निकामी व्हायला लागली, फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,800 वर लोक आजारी पडले, 68 गेले. बहुतेकांनी टीएचसीचं तेल ओढलं होतं आणि त्या तेलात व्हिटॅमिन ई अॅसिटेट मिसळलेलं निघालं.