न उतरणारं आंबणं

(बेळगावातील शहापूर भागात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

मंडळी, लहानपणी कच्च्या चिंचा आपण सगळ्यांनीच पाडून खाल्ल्यात. रात्री भाकरी चावता यायची नाही, मग आई म्हणायची, "दात आंबलेत." ते सकाळपर्यंत उतरायचं. आज बोलायचंय ते न उतरणाऱ्या आंबण्याबद्दल.

तोंडातला पीएच (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5च्या खाली गेला की दातावरचं कवच, म्हणजे इनॅमल, विरघळू लागतं. कोलाचा पीएच अडीचच्या आसपास, लिंबाच्या रसाचाही त्याच घरातला. लाळ हे सावरते, पण तिला अर्धा-पाऊण तास तरी हवा. लिंबूसोडा पिऊन लगेच मिश्री घासली की मऊ पडलेलं इनॅमल खरवडून निघतं. निपाणीकडच्या पेशंट बायकांना हे सांगून मी थकलो, आता मिश्रीची डबीच मागून घेतो!

मध्यंतरी खानापूरकडची एक मुलगी आईबरोबर आली. लग्न ठरलेलं. आई म्हणाली, "डॉक्टर, दात पिवळे पडलेत, पांढरे करून द्या की." तो पिवळेपणा डागांचा नव्हताच. इनॅमल झिजून आतलं डेंटिन, म्हणजे दाताचा पिवळसर थर, दिसत होतं, कडा काचेसारख्या आरपार झाल्या होत्या. ब्लीचिंग केलं असतं तर आधीच झिणझिणणारे दात ठणकायला लागले असते. आरसा आत घातला, तर वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू धुतल्यासारखी गुळगुळीत, ओठाकडची त्या मानानं बरी. असं दिसलं की मी कोलाची बाटली नाही, पोट विचारतो. "रात्री आंबट पाणी वर येतं का गं?" मुलगी आईकडं बघत म्हणाली, "येतंय की, दोन वर्षं झाली."

तिला आधी पोटाच्या डॉक्टरांकडं धाडलं. आई नाराज झाली, मुहूर्त जवळ होता ना. पण आम्ल चालूच असेल तर भरलेल्याच्या कडेनं दात पुन्हा झिजतो.

नंतर कंपोझिट, म्हणजे दाताच्याच रंगाचं भरण, केलं. यातली गंमत बघा: ते चिकटावं म्हणून आम्ही दातावर आम्लच लावतो! 37 टक्के फॉस्फोरिक आम्लाची निळी जेल, पंधरा-वीस सेकंद, मग धुऊन टाकायची. इनॅमलवर बारीक खाचा पडतात, त्यात कंपोझिट रुततं. ही युक्ती अमेरिकेतल्या मायकेल ब्युनोकोर यांनी 1955मध्ये मांडली. कोलातही फॉस्फोरिक आम्लच असतं, फक्त पातळ. नेमक्या जागी, मोजून लावलं की तेच कामाला येतं.

दुसरे पर्यायही होते. व्हेनियर म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरचा पोर्सिलेनचा पापुद्रा. दिसतो सुरेख, टिकतोही जास्त, पण बऱ्याचदा त्यासाठी दात थोडा घासावा लागतो. क्राउनला, म्हणजे दातावरच्या टोपीला, तर तो चहूबाजूंनी कापावा लागतो. आधीच झिजलेला दात पंचविशीत आणखी कापायला माझा हात धजत नाही. दुसरे डॉक्टर वेगळं सांगतील, जरूर विचारा.

"हे जन्मभर टिकंल न्हवं?" आईनं जाताना विचारलं. म्हटलं, "नाही हो. पाच-सात वर्षांनी डागडुजी लागेल." ती म्हणाली, "घराला चुना काढतोच की आम्ही," आणि पैसे द्यायला वळली.