‘ओके’च्या पलीकडचं मराठी

मंडळी, नमस्कार.

परवा आमच्या घरी भांडण झालं ते ‘ओके’वरून. आजी फोनवर माझ्या लेकीला सांगत होती, “अगं, शेजारच्या काकू गेल्या.” लेक म्हणाली, “ओके, आजी.” फोन ठेवल्यावर मी तिला फैलावर घेतलं. तिचे डोळे भरून आले. “आई, मला वाईट वाटलंच होतं. पण अशा वेळी म्हणायचं काय असतं?”

तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मग मी या शब्दाचीच चौकशी केली. २३ मार्च १८३९च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये तो छापलेला सापडतो. मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं छापायची टूम तेव्हा तिथल्या पत्रकारांत होती. ‘ऑल करेक्ट’चं ‘ओल कोरेक्ट’ झालं, त्याचं ओ. के. त्याच्या बरोबरीची बहुतेक लघुरूपं विरली. हे तगलं, कारण अमेरिकेतली १८४०ची अध्यक्षीय निवडणूक. तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन पुन्हा उभे होते. ते किंडरहूक गावचे, म्हणून त्यांना ‘ओल्ड किंडरहूक’ म्हणत; त्याचंही ओ. के., आणि समर्थकांनी ओ. के. क्लबच काढले. ब्यूरन हरले, शब्द राहिला. ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने १९६३-६४मध्ये हा सगळा माग लेखांतून मांडला.

मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली ती तारयंत्राची गोष्ट. संदेश नीट मिळाला, एवढं कळवायला तारवाले ‘ओके’ वापरू लागले. मिळाला, एवढंच; आनंद झाला की दुःख, ते त्यात नाही. म्हणजे लेकीने शब्द अगदी बरोबर वापरला होता. बातमी पोचली, हे तिने आजीला कळवलं. आजी मात्र पोचपावतीची वाट पाहत नव्हती.

आपल्या आया काय म्हणायच्या, आठवा. “अगं बाई! कधी?” “काय झालं होतं?” “मुलं पोचली का वेळेवर?” पदर सावरत, दारातच. त्या विचारत राहायच्या, आणि सांगणारीचं मन हलकं व्हायचं.

आता थोडं रागावते. आपल्या मराठी वर्गात बाराखडी होते, कविता पाठ होतात, स्नेहसंमेलनात मुलं खणखणीत बोलतात. वाईट बातमी ऐकल्यावर काय विचारावं, हे आपण कोणी शिकवतो का? मंडळाच्या ग्रुपवर कोणी ‘बाबा दवाखान्यात आहेत, कार्यक्रमाला येता येणार नाही’ असं लिहितं, आणि खाली ओळीने ‘ओके’, ‘ओके’ आणि अंगठे. ते लिहिणारी मुलं नाहीत, मोठी माणसं आहेत.

वर्गात अर्धा तास नुसत्या गप्पांना द्यावा, असं मी सुचवलं आहे आणि शिक्षकांनी ते मान्यही केलं आहे. तेवढ्याने हे येईल, अशी खात्री मला वाटत नाही. घरातलं आपलं मराठी ‘जेवायला ये’ आणि ‘दप्तर आवर’ इथवरच येऊन थांबलं असेल, तर दुःखात बोलायचं मराठी या मुलांच्या कानावर पडणार कुठे?