दोन मोसमांचा गडी: मिलर्ड लँग

लॅक्रोसची, म्हणजे जाळीच्या काठीनं चेंडू झेलत-फेकत गोल करायच्या खेळाची, काठी घडवायची तर हिकरी या चिवट लाकडाच्या झाडाचा ओंडका असा उभा फोडतात. करवतीनं नाही, पाचर आणि हातोड्यानं. करवत लाकडाचे धागे आडवे कापते. पाचर मारली की लाकूड आपल्या धाग्यानंच फाटतं आणि काठी चिवट निघते. मग तासणं. मग वाफ. वाफ आहे तोवरच टोक वाकवून घट्ट बांधायचं, आणि महिनोन्‌महिने सुकत ठेवायचं. वळण पक्कं झालं की भोकं पाडायची आणि चामड्याच्या पट्ट्यांचं जाळं विणायचं. बघा, कारागीर प्रत्येक गाठ अंगठ्यानं दाबून पाहतोय.

हे हात होडेनोशोनी लोकांचे. न्यूयॉर्क राज्य आणि कॅनडाच्या सीमेवर राहणारी ही सहा मूळ राष्ट्रं. लॅक्रोस त्यांचा. विधात्यानं दिलेला खेळ, असं ते मानतात. 1930च्या सुमाराला अमेरिकी कॉलेजांच्या मैदानांवर ज्या काठ्या दिसत, त्यांतल्या बहुतेक मूळनिवासी कारागिरांनीच घडवलेल्या असत. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराचा मिलर्ड लँग अशा काठीनं खेळायला शिकला त्या पिढीतला.

लँगचा जन्म 1912चा. शहर वरून पाहिलं की त्याचं आयुष्य कळायला लागतं. उत्तरेला होमवूड, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ, आणि तिथं वसंतात रंगणारं लॅक्रोस. खाली बंदराला लागून कॅन्टन: गोदी, डबाबंद मालाचे कारखाने, युरोपातून आलेली कामगार कुटुंबं, आणि हिवाळ्यात चिखलात चालणारं सॉकर, म्हणजे आपला फुटबॉल. एकीकडे विद्यापीठाची पोरं, दुसरीकडे कामगारांची. लँग दोन्हीकडचा. मोसम बदलला की बूट तेच, काठी तेवढी कोपऱ्यात ठेवायची.

1932. लॉस एंजेलिसचं ऑलिम्पिक. लॅक्रोस तिथं पदकाविना, प्रदर्शनी खेळ म्हणून होतं. अमेरिकेतली निवड स्पर्धा हॉपकिन्सनं जिंकली होती, त्यामुळे देशाचा संघ म्हणून हॉपकिन्सच उतरलं, आणि त्या संघात विशीतला लँग. समोर कॅनडा, सामने तीन. पहिला 7 ऑगस्टला, मॅरेथॉनच्याच दिवशी, म्हणून मेमोरियल कोलिसियम स्टेडियमचे हे सज्जे असे गच्च भरलेले. अमेरिकेनं तो 5-3 असा घेतला. दुसरा कॅनडानं एका गोलनं. तिसरा पुन्हा अमेरिकेचा, 7-4. एका बाजूला बारा गडी असत तेव्हा. पुढच्याच वर्षी ते दहा झाले, मैदानही आखूड झालं. जुनं, ऐसपैस लॅक्रोस खेळलेल्या शेवटच्या फळीत लँग होता.

या संघातला जॅक टर्नबुल पुढे विमान चालवायला शिकला आणि 1944 साली युद्धात मारला गेला. कॉलेजातल्या सर्वोत्तम आक्रमकाला आजही त्याच्या नावाचा पुरस्कार मिळतो. टर्नबुलचं नाव निदान पुरस्कारापुरतं तरी घेतलं जातं. लँगचं बाल्टिमोरबाहेर किती जण घेतात?

कॉलेज संपलं, सॉकर सुरूच राहिलं. कॅन्टनच्या क्लबकडून तो अमेरिकन सॉकर लीगमध्ये खेळला. पहिली लीग मंदीच्या काळात कोलमडली होती, 1933 मध्ये ती नव्यानं उभी राहिली. ही लीग अर्धव्यावसायिक होती. बहुतेक खेळाडू आठवडाभर नोकरी करत आणि सुट्टीला मैदानात उतरत. अमेरिकेत सॉकर काल-परवा आलं असं सांगणाऱ्यांनी ही जुनी पानं उलटून बघावीत. 1930च्या पहिल्याच विश्वचषकात याच देशानं उपांत्य फेरी गाठली होती.

1950 साली सॉकरच्या राष्ट्रीय हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत, लँगचं नाव लागलं. पुढे लॅक्रोसच्याही. 1970 साली बाल्टिमोरच्याच एका कंपनीनं प्लास्टिकचं डोकं असलेली काठी आणली आणि लाकडी काठ्या मागे पडल्या.

2028 मध्ये लॅक्रोस पुन्हा लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्ये येतंय, सहा-सहा खेळाडूंचं, आणि या वेळी पदकासाठी. आपल्या झेंड्याखाली खेळू द्या, अशी होडेनोशोनींची मागणी आहे. ज्यांनी हा खेळ दिला, त्यांना तिथं जागा मिळायलाच हवी.