मामांचा अजरखचा झब्बा

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे ठसठशीत नक्षीच्या कपड्यांविषयी. मोठाले बुट्टे, रुंद पट्टे, चौकडे, इकत, कलमकारी, बांधणी, आणि कच्छमध्ये ठशांनी छापतात ते अजरख. दुकानात लांबून नजर ओढून घेणारं कापड आपण हौसेनं आणतो, आणि मग प्रश्न पडतो, हे घालायचं कधी आणि कशावर? उत्तर आधीच सांगून टाकते. नक्षी मोठी असेल तर ती अंगावर एकाच जागी असू द्या. बाकीचं सगळं साधं, आणि त्या नक्षीतल्याच एखाद्या रंगाचं. पुन्हा सांगते, कारण रेडिओवर मागे जाऊन ऐकता येत नाही: नक्षी एका जागी, बाकी साधं, रंग मात्र नक्षीतलाच.

आपल्या विणकरांनी हे फार पूर्वी ठरवून ठेवलं आहे. जुनी पैठणी आठवा. अंग साधं, फार तर बारीक बुट्ट्यांचं. सगळी श्रीमंती पदरावर: बांगडी मोर, आसावली, मुनिया. इरकलचंही तसंच. अंगभर बारीक चौकडी किंवा नुसता रंग, आणि पदराला तो लालपांढरा उठाव. डोळ्याला कुठे थांबायचं हे साडीच सांगते. म्हणून मला पैठणीवर ते भरगच्च आरीकाम केलेले ब्लाउज पटत नाहीत. कारागिरानं महिनोन्‌महिने बसून पदरावर मोर विणायचा आणि आपण त्याच्या शेजारी, दंडावर, दुसरा मोर बसवायचा! पैठणीला साधा काठाचा ब्लाउज द्या. पदर त्याचं काम करतो.

रंगाचंही थोडं सांगते. आपण साडी घेऊन मॅचिंग सेंटरमध्ये जातो आणि साडीत जो रंग सगळ्यात जास्त आहे, त्याचाच ब्लाउजपीस मागतो. तसं करू नका. सगळ्यात कमी असलेला रंग शोधा. पोचमपल्लीचं इकत हातात घेऊन बघा. त्यात सूत आधी बांधून रंगवतात आणि मग विणतात, त्यामुळे नक्षीच्या कडा किंचित पसरलेल्या असतात. त्या पसरलेल्या कडेत, लाल आणि काळ्याच्या मधोमध, एखादी मोहरीपिवळी रेघ सापडते. तो रंग घ्या. साडी उजळते.

आता मामांची गोष्ट. ही सांगितल्याशिवाय मला या विषयावर बोलताच येत नाही.

आमचे मामा एसटीत कंडक्टर होते. सातारा जिल्ह्यातल्या एका डेपोत. उभी नोकरी खाकीत गेली. सुट्टीच्या दिवशी पांढरा लेंगा आणि पांढरा शर्ट, लग्नकार्यालाही तेच, फक्त इस्त्रीचं. ऑक्टोबर अखेरीला त्यांची निवृत्ती आली. त्याच सुमारास त्यांची लेक कच्छमध्ये जाऊन आली आणि तिनं बापासाठी अजरखपूरहून तीन मीटर कापड आणलं. अजरखपूर म्हणजे 2001 च्या भूकंपानंतर वसलेलं गाव. धमडका गावचं पाणी रंगकामाला पूर्वीसारखी साथ देईना, तेव्हा तिथल्या खत्री कारागिरांनी भुजजवळ ही नवी वस्ती केली.

कापड काय होतं! गडद निळी जमीन, त्यावर मंजिष्ठेच्या मुळीचा विटकरी लाल, काळ्या रेघांनी आखलेली तळहाताएवढी चक्रं, आणि प्रत्येक चक्रात पांढऱ्या ठिपक्यांची चांदणी. त्यातला काळा गंजलेलं लोखंड गुळात आंबवून करतात. चुना आणि डिंकाचा लेप जिथे ठशानं लावला जातो, तिथे रंग चढत नाही, म्हणून ती चांदणी पांढरी राहते. आणि या सगळ्याच्या आधी कापड बुडवतात ते हिरड्याच्या पाण्यात. आपल्या सह्याद्रीत होतो तोच हिरडा.

मामींनी कापड उलगडून बघितलं आणि म्हणाल्या, "पलंगपोस छान होईल याचा." मामा काही बोलले नाहीत. कापडावरून हात फिरवत बसले. मग हळूच म्हणाले, "निरोपाच्या दिवशी मी याचा झब्बा घालणार."

घरात शांतता. या वयात? डेपोत? साहेब लोकांसमोर? मामा तेवढंच म्हणाले, "खाकी घातलीच की इतकी वर्षं."

मी तेव्हा तिथे होते, म्हणून त्यांच्याबरोबर पेठेत गेले. पेठेत एक जुने मास्तर होते, शिलाईचं काम वडिलांपासूनचं. त्यांनी कापड फळीवर पसरलं आणि कात्रीला हातच लावला नाही. आधी मामांना आरशासमोर उभं केलं. कापड खांद्यावरून सोडलं, वर-खाली सरकवलं. म्हणाले, "हे चक्र पोटावर आलं तर बघणारा पोटच बघणार. ते इथे पाहिजे." आणि बोट ठेवलं गळ्याच्या चार बोटं खाली, छातीच्या मधोमध.

श्रोतेहो, हे लक्षात ठेवा. मोठी नक्षी शरीरावर कुठे पडते, यावर सगळं आहे. ठेंगण्या माणसानं मोठी नक्षी घालू नये, जाड माणसानं घालू नये, असं आपल्याला सांगत आले आहेत. मला ते मान्य नाही. नक्षी योग्य जागी बसली तर ती कुणालाही शोभते.

मग मास्तर बेतायला बसले. झब्ब्याचा पुढचा भाग असा धरला की चक्रांची एक उभी ओळ बरोबर मधून जावी. पण तिथेच तर बटणपट्टी येते. पट्टी आली की चक्र चिरणार. तेव्हा त्यांनी पट्टी त्याच ओळीतल्या खालच्या चक्रातून वेगळी कापायची ठरवली, म्हणजे बटण लावलं की पट्टीवरचं अर्धं चक्र अंगावरच्या अर्ध्याला येऊन मिळेल. दोन तुकडे समोरासमोर ठेवून प्रत्येक चक्राच्या मध्यावर टाचणी मारली. खडूची रेघ, मग शिवणीची माया, मग पुन्हा रेघ. माया धरायची राहिली तर शिवताना चक्राची कड आत जाते आणि गोल लांबट होतो. बाह्या अशा बेतल्या की हात खाली सोडल्यावर दंडावरची चक्रं छातीवरच्या चक्रांच्या रांगेत यावीत. छातीवरचा खिसा त्यांनी काढूनच टाकला, तो नक्षीच्या मध्ये आला असता. खिसे दिले बाजूच्या शिवणीत. आणि गळपट्टी? म्हणाले, "गळ्याला साधी निळी. चेहऱ्याच्या खाली जरा मोकळं पाहिजे."

मामा तोवर स्टुलावर बसून टक लावून बघत होते. ज्या माणसानं आयुष्यभर तिकिटाला नेमका पंच मारला, त्याला मध्य साधणं म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नव्हतं. मध्येच उठून त्यांनी मास्तरांसाठी चहा आणला.

निरोपाचा दिवस. डेपोच्या आवारात मांडव, दुपारचं ऊन उतरलेलं. मामा आले ते अजरखचा झब्बा, पांढरी सुरवार आणि कोल्हापुरी चप्पल घालून. बस्स. ना जाकीट, ना उपरणं, ना अंगठी. आणि भाषणं झाल्यावर व्हायचं तेच झालं. शाल आली. चांगली जाड शाल, खांद्यावरून पुढे दोन्हीकडे. झब्बा पार झाकला गेला. (निवृत्तीच्या माणसाला शालीऐवजी चांगल्या कापडाचा तुकडा द्यावा, असं माझं फार वर्षांपासूनचं मत आहे. शाली घरोघरी घड्या घालून पडलेल्या असतात. कापड शिवून अंगावर तरी येईल.)

तेवढ्यात त्यांच्या गाडीवरचे जुने ड्रायव्हर पुढे आले. शाल अलगद उचलली, घडी घातली आणि स्वतःच्या हातावर घेतली. म्हणाले, "शाल नंतर. आधी झब्बा बघू दे सगळ्यांना." मग डेपोतली माणसं गोळा झाली. कुणी बाहीला हात लावतंय, कुणी कापड कुठलं विचारतंय. एक बाई कंडक्टर म्हणाल्या, "मामा, हा रंग तुम्हाला आधीच का नाही सुचला?" आणि एक तरुण मेकॅनिक, हात पुसून, बटणपट्टीवर वाकून बघत राहिला. म्हणाला, "याला जोड कुठाय?" सापडेना त्याला. मामांनी वरचं एक बटण काढलं, चक्र उघडलं. पुन्हा लावलं, चक्र मिटलं. हसले. मी त्यांना इतकं ताठ उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

परत येताना मामी गप्प होत्या. घरी आल्यावर विचारलं, "उरलंय का काही त्यातलं?" उरलं होतं, एका बिनबाह्यांच्या ब्लाउजपुरतं. बाह्यांना मास्तरांनी तीच साधी निळी जोडली. मामी तो ब्लाउज मोहरी रंगाच्या सुती साडीवर घालतात. साडी साधी, नक्षी फक्त ब्लाउजवर. बघा, तेच कापड, पण नियम तोच: नक्षी एका जागी.

तो झब्बा मामांनी पुढे कशाकशाला घातला! दिवाळी पहाटेच्या गाण्यांना सुरवारीवर. थंडीतल्या लग्नांना वरून तपकिरी जाकीट, पण बटणं मोकळी सोडून, म्हणजे मधलं चक्र दिसत राहतं. उन्हाळ्यात फक्त संध्याकाळी, कारण गडद निळा दुपारचं ऊन पितो. आणि पावसाळ्यात अजिबात नाही. नवी नीळ दमट हवेत पांढऱ्या सुरवारीला डाग देते.

ऋतूंचं असंच आहे, थोडक्यात सांगते. उन्हाळ्यात पांढऱ्या किंवा सायीच्या रंगाच्या मलमलीवर मोठी, सुटी सुटी फुलं. दोन फुलांमध्ये मोकळी जागा हवी, गारवा त्या मोकळ्या जागेतून वाटतो. भर उन्हात बारीक नक्षी पुसट होते, मोठी टिकते. पावसाळ्यात उलट. गच्च भरलेली नक्षी, मध्यम रंगाची, पटकन वाळणारं कापड. चिखलाचा शिंतोडा त्यात दिसत नाही. राजस्थानात श्रावणात लहरिया नेसतात, त्या तिरक्या लाटा आपल्याकडच्या पावसालाही छान दिसतात.

थंडीत काळा रंग, आणि आपल्याकडे संक्रांत आहेच. काळ्या चंद्रकळेवर हलव्याचे दागिने. इथे एक काळजी घ्या. हलव्याचे दागिने हीच त्या दिवसाची मोठी नक्षी. म्हणून साडीवर बारीक चांदण्या असू द्या किंवा काहीच नसू द्या. काळ्यावर मोठाली छापील फुलं आणि वर पांढरा हलवा, म्हणजे नव्या नवरीचा ना हार दिसत, ना बाजूबंद. संक्रांतीला नक्षी हलव्याची, साडीची नाही.

शिवायला टाकताना दोन गोष्टी. नक्षी मोठी असेल तर नेहमीपेक्षा पाव ते अर्धा मीटर कापड जास्त घ्या, जुळवण्यात तेवढं जातं. आणि कोयरी किंवा फूल एकाच दिशेला तोंड करून असेल तर बेतण्याआधी शिंप्याला ते दाखवा, नाहीतर पाठीवर कोयऱ्या उलट्या लटकतात. तयार कपडा घेत असाल तर बटणपट्टी आणि खिसा बघा. तिथे नक्षी जुळलेली असेल तर शिवणाऱ्यानं मन लावलंय असं समजा. धुताना पहिले दोन-तीन वेळा वेगळं, थंड पाण्यात, आणि वाळत घालताना उलटं करून सावलीत.

आणि आता नवरात्र तोंडावर आलंय. नऊ दिवसांचे नऊ रंग जरूर पाळा, सगळ्या बायका एका रंगात निघाल्या की लोकलचा डबा सुरेख दिसतो. पण त्यासाठी नवीन साड्यांना पैसे घालू नका. घरात इकत किंवा बांधणी असेल तर ती उजेडात धरून तिच्यातले रंग मोजा. लाल, हिरवा, पिवळा, पांढरा असे चार निघाले तर चार दिवस भागले. रोज फक्त ब्लाउज बदला, त्या दिवसाच्या रंगाचा, साधा.

नमस्कार.