नाइटक्लबनं राखलेलं नाटकघर

मंडळी, पुण्याच्या मंडईत गाडी लावताना आपण सहज म्हणतो, 'आर्यनला लाव', नाहीतर 'मिनर्व्हाला'. तिथं थिएटरं होती, हे नव्या पिढीला सांगावं लागतं. आर्यन १९१५ सालचं. त्याच्यासाठी हळहळणारे पुष्कळ भेटतात. अशा वास्तूनं जगायचं कशावर, हे मात्र कुणी विचारत नाही. त्यासाठी आज मी तुम्हाला लंडनला नेणार आहे.

तिथं कॅम्डनमध्ये 'कोको' नावाचा नाइटक्लब आहे. १९०० च्या नाताळात विख्यात नटी एलन टेरी यांच्या हस्ते तो उघडला, तेव्हा ते नाटकघर होतं. मग सिनेमा आला. १९४५ पासून बीबीसीनं तिथं रेडिओचे कार्यक्रम केले. १९७२ मध्ये बीबीसी बाहेर पडली आणि त्याच वर्षी इमारत वारसा यादीत आली. पाडणं अवघड झालं, इतकंच. यादीत नाव आल्यानं छपराची गळती थांबत नाही. ती थांबवायला रोजचा गल्ला लागतो. १९७७ मध्ये 'म्युझिक मशीन', १९८२ मध्ये 'कॅम्डन पॅलेस', २००४ मध्ये 'कोको'. आपल्या नाट्यवेड्यांना पटायला जड जाईल, पण तिथल्या बाल्कन्या आणि प्लास्टरची नक्षी टिकली ती रात्र-रात्र नाचणाऱ्या पोरांच्या तिकिटांवर. (हसताय, पण आपल्याकडे लग्नाचे हॉल कशावर चालतात?)

जानेवारी २०२० मध्ये नूतनीकरण चालू असतानाच छताला आग लागली, घुमट जळाला. आगीतून वाचलेलं पाण्यानं भिजलं. तरी २०२२ च्या एप्रिलमध्ये दारं उघडली. शेजारचा पब आणि पियानोचा जुना कारखाना वास्तूला जोडून घेतला. रंगमंचावर देखावे वर खेचायचा उंच मनोरा झाकला गेला होता, तो मोकळा केला. म्हणजे १९०० सालचं नाटकघर काचेच्या पेटीत ठेवलं नाही. नाटक आणि नाच, दोन्हींच्या खुणा राहू दिल्या. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं.

मुंबईचं ऑपेरा हाउस १९९३ मध्ये बंद पडलं आणि वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली २०१६ मध्ये पुन्हा उभं राहिलं. तिथं जुने फोटो फार कामाला आले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती! 'होतं तसंच बांधा' म्हणणं सोपं असतं. होतं कसं, हे इंचाइंचानं कागदावर असेल तरच गवंडी ते बांधणार.

पुण्यातलं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ चं. ते पाडून मोठं संकुल बांधायचं की नाही, यावर आपण वर्षानुवर्षं भांडतोय. भांडा, पण आधी त्याची मोजमापं घ्या. रंगमंच, विंगा, खुर्च्यांचे उतार, प्रेक्षागृहात आवाज कसा फिरतो, सगळी. आणि नाटक नसलेल्या दिवशी तिथं काय चालवणार, हेही त्याच फायलीत लिहा.