पालकांना घेऊन ये

"उद्या येताना पालकांना घेऊन ये." महाराष्ट्रातल्या कुठल्याही हायस्कूलात हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतंच. पण बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, दिवाळीनंतर हे वाक्य एखाद्या पोराला म्हणून बघा. पोरगं मान खाली घालतं आणि सांगतं, सर, पालक फडावर आहेत. फडावर म्हणजे उसाच्या, ऊसतोडीला. सांगली, कोल्हापूर, नाहीतर सरळ कर्नाटकात. इथून दिवसभराचा नाहीतर रात्रभराचा प्रवास, आणि आले तरी त्या दिवसाची मजुरी बुडणार, वर मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी नेणारा, बोलणार ते वेगळंच.

आज आपण ज्या शाळेत आहोत तिचं नाव सांगणार नाही, कारण इथली माणसं मोकळेपणानं बोलली ती त्याच अटीवर. पाचवी ते दहावी, मराठी माध्यम, अनुदानित, तालुक्यापासून आत असलेलं मोठं गाव. आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवरची लेकरं एसटीनं येतात, काही चालत. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे, बस वेळेवर येईल याची हमी मात्र कुठल्याच योजनेत नाही.

गेटवर हा जो फ्लेक्स दिसतोय तो दहावीच्या निकालाचा. १००% निकालाची उज्ज्वल परंपरा, पहिल्या तिघांचे फोटो, संस्थाचालकांचे त्याहून मोठे फोटो. (हे सगळीकडे असंच असतं, इथल्यांना वेगळं धरू नका.) आम्ही पालकांना विचारलं की शाळा कशी वाटते, तर गंमत म्हणजे फ्लेक्सवरचं कुणीच काही बोललं नाही. सगळे माणसांबद्दल बोलले. अमक्या मॅडम, तमके सर, ऑफिसातले भाऊसाहेब, घंटा वाजवणारे मामा. कुणाबद्दल चांगलं, कुणाबद्दल राग, पण माणसाचंच.

सुरुवात रागापासूनच करू. एक वडील आम्हाला बाजारात भेटले, त्यांचा मुलगा या शाळेतला नाही, पलीकडच्या गावातल्या शाळेतला. नववीत गणितात आणि इंग्रजीत गेला. तेव्हा आठवीपर्यंत वर्षानुवर्षं पोरांना वर ढकलत आणलेलं असायचं, त्यामुळं नापास म्हणजे काय ते घराला पहिल्यांदा नववीतच कळायचं. तर या वडिलांना शाळेत बोलावलं आणि सांगितलं, तुमच्या मुलाचं इथं काय होणार नाही, त्याला १७ नंबरचा फॉर्म भरू द्या. १७ नंबर म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसायचं. शाळा सुटलेल्या माणसाला परत परीक्षा देता यावी म्हणून केलेली ही सोय आहे, चांगलीच सोय आहे. पण काही ठिकाणी तिचा वापर कसा होतो, तर कच्चं पोरगं आपल्या पटावरून काढा म्हणजे आपला निकाल १०० टक्के. वडील म्हणाले, "मला वाटलं सर माझ्या भल्याचंच सांगतेत, मी सही केली." पोरगं आता टेंपोवर आहे. दहावीला पासाला ३५ मार्क लागतात, त्यातले २० तोंडी नाहीतर अंतर्गत मूल्यमापनाचे शाळेच्याच हातात असतात, शिवाय सहा विषयांतल्या बेस्ट पाचची टक्केवारी निघते. एवढं सगळं सोपं केलेलं असताना एखाद्या शाळेला आपलंच पोरगं नकोसं व्हावं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

इथं, या शाळेत, नववीच्या वर्गशिक्षिका मॅडम आहेत त्यांनी एक वही केलेली आहे. सरकारी रजिस्टर नाही, साधी दोनशे पानी वही. दसऱ्याच्या आसपास त्या वर्गात विचारतात, कोणाचे आईवडील जाणार, कोण कुणाजवळ राहणार. या भागात नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतात ती कोयत्यावर, आणि उचल घेतली की जावं लागतंच, मग घरी दहावीची पोरगी असो का तान्हं लेकरू. मुलं राहतात आजीजवळ. आजीला दिसत नाही, ऐकू कमी येतं, तिला तीच सांभाळतात. म्हणजे पालक कोण आणि पाल्य कोण, कळत नाही.

आणि परीक्षा कधी? फेब्रुवारी-मार्चला. कारखाने तेव्हा जोरात चालू. दहावीच्या पेपरला शहरातले आईबाप केंद्राबाहेर पाण्याची बाटली घेऊन उभे असतात ना, इथं अर्ध्या पोरांचं कुणीच नसतं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर झाली, संत भगवानबाबांच्या नावानं. ज्यांना तिथं जागा मिळाली त्यांचं बरं झालं. बाकीच्यांची सोय आजी आणि मॅडम.

यातली एक मुलगी आम्हाला भेटली, आता नर्सिंगला आहे. ती नववीत असताना घरात लग्नाचं चाललेलं. इथं ते का होतं तेही सांगायला पाहिजे, नाहीतर लोक म्हणतात अडाणी आहेत. आईबाप सहा महिने बाहेर, वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची ही भीती. आणि लग्न झालं की जोडी होते, जोडी म्हणजे नवीन कोयता, नवीन उचल. कायद्यानं मुलगी १८ ची लागते हे सगळ्यांना माहिती आहे, माहिती नाही असं कुणी समजू नये. ती सलग चार दिवस आली नाही तेव्हा मॅडम घरी गेल्या. "मॅडमनी कायदा-बियदा काही काढला नाही," मुलगी सांगत होती, "ओट्यावर बसल्या, चहा घेतला, आईला म्हणल्या, दहावी होऊ द्या, हॉल तिकीट माझ्याजवळ येतंय, मी तिला नेते-आणते. माझा नवरा पण येईल स्कूटर घेऊन." वडील तेव्हा काहीच बोलले नाहीत. पण लग्न त्या वर्षी झालं नाही. मॅडमना आम्ही याबद्दल विचारलं तर त्या म्हणाल्या, प्रत्येक वेळी जमत नाही, आणि लगेच विषय बदलला.

आता ऑफिसकडे या. ही खिडकी. शाळेत आलेल्या पालकाची पहिली गाठ इथंच पडते, बोनाफाईड, दाखला, उत्पन्नाचा, जातीचा, स्कॉलरशिपचा फॉर्म. क्लार्क भाऊसाहेबांबद्दल पालकांची दोन मतं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. पहिलं, ते खेकसतात. दुसरं, त्यांच्या हातून नाव चुकत नाही. दहावीच्या बोर्डाची प्री-लिस्ट, म्हणजे तपासायला आलेली नावांची यादी, येते तेव्हा ते एकेका मुलाला खिडकीशी बोलावतात आणि त्याच्याकडूनच नाव वाचून घेतात. इंग्रजी स्पेलिंग, एकेक अक्षर. बापाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख. पोरं वैतागतात. एकानं घाईत सही केली तर त्याला परत बोलावून "आडनावात एच आहे का नाही ते तुझ्या बापाला फोन लावून विचार" म्हणाले, आणि बाप फडावर, रेंज नाही, दोन दिवस फॉर्म अडकला. पण दहावीच्या सर्टिफिकेटवर चुकलेलं एक अक्षर पुढं पॅनकार्डापासून पासपोर्टापर्यंत कसं छळतं हे ज्यानं भोगलंय तो भाऊसाहेबांना नावं ठेवणार नाही.

त्यांच्या पाठीमागं ते लोखंडी कपाट आहे ना, त्यात जुनी जनरल रजिस्टरं, शाळेत नाव घातलेल्या प्रत्येकाच्या नोंदीची. दरवर्षी कुणीतरी म्हातारा येतो, नातवाच्या जातीच्या दाखल्यासाठी स्वतःच्या नाहीतर थोरल्या भावाच्या नोंदीचा उतारा मागायला. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. एवढ्या जुन्या काळात शाळेत नाव असलेला माणूस घरात एखादाच. तांड्यावरच्या कित्येकांच्या घरात तर एकही नाही. भाऊसाहेब तेव्हा खेकसत नाहीत, खुर्ची देतात.

घंटा. ही जी आता वाजली ती नववीतल्या एका पोरानं वाजवली. शिपाईमामा रिटायर झाले आणि जागा भरलीच नाही. डिसेंबर २०२० मध्ये शासनानं ठरवलं की खाजगी अनुदानित शाळांमध्ये शिपायाचं पद यापुढं नाही, त्याऐवजी ठोक भत्ता, ग्रामीण भागात महिन्याला ५,००० रुपये. पाच हजारात पूर्ण दिवस कोण येणार? पालकसभेत मुलींच्या आयांनी सगळ्यात जास्त तक्रार केली ती कशाची तर टॉयलेटची. अभ्यासक्रम नाही, मोबाईल नाही, टॉयलेट. पाणी आहे, बांधकाम आहे, धुणारं कोणी नाही. मुली सकाळी घरून निघाल्या की संध्याकाळपर्यंत पाणीच पीत नाहीत. एक आई उभी राहून म्हणाली, "आम्ही उसात राहतो तिथं काही नसतंच, म्हणून म्हणलं शाळेत तरी असावं." हेडसर उत्तर देऊ शकले नाहीत, कारण देण्यासारखं त्यांच्याकडं काही नव्हतंच.

मामांची आठवण मात्र सगळे काढतात. माजी विद्यार्थ्यांना विचारा, कुठल्या सरांनी काय शिकवलं ते विसरलेत, पण मामांनी उशिरा आलेल्याला मागच्या दारानं आत घेतलं ते पाठ.

शिक्षकांचंही तसंच आहे. पोरांची तक्रार, गणिताचे सर सारखे नसतात. सर नसतात कारण सर बीएलओ, म्हणजे निवडणुकीचे बूथ अधिकारी, आहेत, मतदारयादी घेऊन घरोघर. सर आले की संचमान्यतेची (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात ती) माहिती, यू-डायस म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाइन नोंद, आधार जुळत नाही म्हणून पोरांचे अंगठे. विज्ञानाला जे नवीन सर आहेत ते शिक्षण सेवक. ही योजना २००० साली आली, तीन वर्षं मानधनावर काम आणि मग वेतनश्रेणी. माध्यमिकचं मानधन कित्येक वर्षं ८,००० होतं, २०२३ मध्ये १८,००० झालं. आणि हे तरी नशीबवान, कारण शेजारच्या गावातल्या शाळेत एक सर पंधरा-सोळा वर्षं विनाअनुदानित, मग २० टक्के अनुदान, मग ४० टक्के असं करत करत केस पिकवून बसलेत. त्यांच्या वर्गात बसलेल्या पोराच्या बापाला वाटतं, सरकारी पगार घेतात आणि शिकवत नाहीत. सरांना वाटतं, कसला पगार. दोघं समोरासमोर येतात तेव्हा दोघांचीही चूक नसते आणि भांडण मात्र होतं.

कोरोनाचं थोडक्यात सांगतो, सगळ्यांनीच भोगलंय. २०२१ ला दहावीची परीक्षाच झाली नाही, नववीचे ५०, दहावीच्या अंतर्गतचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० असं गणित करून निकाल लागला, राज्याचा ९९.९५ टक्के. इथली पोरं त्या वर्षी आईबापाबरोबर फडावर गेली, कारण गावात थांबून करायचं काय, मोबाईल नाही. परत आली ती पास होऊन आली, पण त्यातली काही कायमची कोयत्याला लागली. पासचा आकडा मोठा होता म्हणून ते कुणाच्या डोळ्यावर आलं नाही.

एक मजेशीर गोष्टही आहे. वर्षातले दहा-अकरा महिने पालक शाळेत उभे असतात आणि मास्तर बसलेले असतात. मे महिन्यात उलटं. पटसंख्या घटली की शिक्षक अतिरिक्त ठरतो, मग कुठल्या तालुक्यात समायोजन होईल सांगता येत नाही, म्हणून सगळा स्टाफ उन्हातान्हात वाड्या-वस्त्यांवर. पाचवीत येणारं पोरगं आमच्याकडं टाका. दुसऱ्या संस्थेचेही सर त्याच गल्लीत गाठ पडतात. कुणी वह्या देतं, कुणी दप्तर, कुणी सायकलचं बोलतं. आणि पालक बाजेवर बसून ऐकतात. एक आजोबा तर म्हणाले, "बघतो, विचार करून कळवतो," अगदी बँकेचा साहेब बोलल्यासारखं. चित्रकलेच्या सरांना मात्र असं फिरावं लागत नाही म्हणतात. त्यांच्याकडं इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला बसलेल्या पोरांना ए ग्रेड मिळाली की दहावीला सात मार्क वाढीव मिळतात, हे आता आयांना पाठ झालंय, आधी याच आया म्हणायच्या की चित्रं काढून पोट भरतं का.

याच मे-जूनमध्ये मुकादमही गावात फिरत असतो, उचलीची बोलणी करायला. म्हणजे एका घरात सकाळी मास्तर आणि संध्याकाळी मुकादम. पैसे मुकादमाकडं असतात.

आम्ही होतो तेव्हा मॅडम नवीन वर्गाची वही भरत होत्या. पालकसभा त्यांनी मुद्दाम बाजारच्या दिवशी लावलेली, कारण त्या दिवशी लोक गावात येतातच, वेगळी मजुरी बुडत नाही. प्रत्येक मुलीपुढं तीन नंबर. पहिला आईचा नाहीतर बापाचा, दुसरा ज्याच्याकडं मुलगी राहणार त्याचा, तिसरा मुकादमाचा, कारण फडावर आईबापाचा फोन लागला नाही तरी मुकादमाचा लागतो. एक वडील खिशातून चुरगळलेला कागद काढून नंबर सांगत होते. दोन सांगितले आणि थांबले.

"मॅडम, मुकादमाचा नका लिहू."

"का हो?"

"त्याला कशाला कळाया पाहिजे पोरगी एकटी कुठं राहती ते."

मॅडमनी तिसऱ्या रकान्यात आधीच लिहिलेलं मुकादमाचं नाव खोडलं आणि विचारलं, मग उसाच्या गाडीवर तुमच्यातला कोणी ड्रायव्हर आहे का. वडील म्हणाले, मेव्हणा आहे, आणि फोनमध्ये त्याचा नंबर शोधायला लागले.