दवाखाना फुकट आहे, मग पैसे कायले लागतात?

राम राम मंडळी. मागं उभे असलेल्या पोट्ट्यांनो, पुढं या, सतरंजी रिकामी आहे. मंडळानं मला विषय दिला आजारी घराला गावाचा आधार, आणि त्यानंतर लगेच भजन आहे, त्यामुळे खंजिरी वाजली की मी बसणार. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला हाच विषय ठेवला हे मला फार आवडलं, कारण गेले कित्येक महिने हेच माझ्या डोक्यात घोळून राहिलं आहे.

आपल्या गावातलं ते घर कोणतं हे इथं बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे. मी नाव घेत नाही, आणि का घेत नाही तेही सांगतो थोड्या वेळानं. घरचा कर्ता माणूस, दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून तीनदा यवतमाळला डायलिसिस. कोरडवाहू वावर, दोन शाळेतली लेकरं, म्हातारी माय. वर्गणीची गोष्ट निघाली की पारावर हमखास कोणीतरी म्हणतं, अरे पण दवाखाना तर फुकट आहे ना, मग पैसे कायले लागतात? विचारणारा वाईट माणूस नसतो, त्याला खरंच माहीत नसतं. म्हणून आज त्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं ठरवून आलो आहे.

डायलिसिस सरकारच्या आरोग्य योजनेत फुकट होते, खरं आहे. मशीनवर चार तास लागतात. पण चार तासांसाठी माणूस सकाळच्या पहिल्या गाडीनं निघतो, नंबर लागेपर्यंत बसतो, मशीनवरून उतरला की पायात गोळे येतात, चक्कर येते, एकट्यानं परत येणं होत नाही, म्हणून बायको सोबत. एसटीत डायलिसिसच्या पेशंटला तिकीट माफ आहे, बायांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, सरकारनं हे चांगलंच केलं, पण दुपारची गाडी आपल्या फाट्यावरच सोडते, तिथून गावापर्यंत ऑटो. आता हिशेब करा, दोन माणसं, आठवड्यातले तीन दिवस, म्हणजे सहा माणसांची रोजी दर आठवड्याला बुडाली, आणि ही आठवड्या-दोन आठवड्याची गोष्ट नाही, किडनी बदलत नाही तोवर हेच. हंगामात वेचणीला, निंदणाला जाऊन त्या बाईनं जे आणलं असतं ते येत नाही. योजना मशीनचा खर्च देते, बुडालेली रोजी कोणतीच योजना देत नाही. गाडगेबाबांना हे फार आधी समजलं होतं असं मला वाटते, मुंबईत त्यांच्या नावाच्या धर्मशाळा आजही दवाखान्यातल्या पेशंटच्या माणसांना आसरा देतात, दादरच्या धर्मशाळेत टाटाचे कॅन्सरचे पेशंट राहतात. पेशंटला खाट दवाखाना देतो, सोबतच्या माणसानं कुठं टेकायचं?

दुसरी गोष्ट, त्याच्या डाव्या हाताची. डायलिसिससाठी हाताची शीर आणि धमनी जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. मी जवळ बसलो होतो तेव्हा त्यानं माझी बोटं धरून तिथं ठेवली, कातडीखाली सारखं भणभणते, झोपेतही बंद होत नाही. त्या हातावर बीपी मोजायचा नाही, सुई टोचायची नाही, वजन उचलायचं नाही, घट्ट कडंसुद्धा घालायचं नाही, कारण ती जोडणी बंद पडली तर नवी करा आणि ती तयार व्हायला परत आठवड्यांमागं आठवडे थांबा. आता मला सांगा, त्या हातानं फवारणीचा भरलेला पंप पाठीवर चढवायचा कसा, डवरा दाबायचा कसा? वावर तर तिथंच आहे, कापसाची पऱ्हाटी कोणासाठी थांबत नाही.

आणि संत्री! किती जणांनी भेटायला जाताना संत्री नेली, हात वर करा. हं, लाजू नका, वरुड-मोर्शीची संत्री आपल्याकडं, पेशंटला काय न्यायचं तर संत्री, केळी, नारळपाणी, हेच आपण पिढ्यान् पिढ्या नेत आलो. पण किडनीवाल्याला यातलं काहीच चालत नाही, त्यात पोटॅशियम असते, किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, ते रक्तात वाढलं तर थेट हृदयावर जाते. पाण्याचंसुद्धा माप असते, दिवसाचं ठरवून दिलेलं, आणि भेटायला जाणारा प्रत्येक जण म्हणतो, अर्धा कप चहा घे माझ्यासोबत. ती माउली दारात आलेल्याला नाही म्हणू शकत नाही, संत्र्यांची पिशवी आत ठेवते, लेकरं खातात, तेवढंच बरं. तर जाताना आधी तिला विचारा, काय आणू. हेच मला आज जास्तीत जास्त सांगायचं आहे, तिला विचारा.

आता नाव का घेत नाही ते. ही आपल्या गावची गोष्ट नाही, मी नोकरीला होतो तिकडच्या एका गावची आहे. तिथं एका घरी असाच मोठा आजार आला, गाव एकदम उभं राहिलं, पोरांनी दारोदार फिरून चांगली रक्कम जमवली, मनापासून केलं, त्याबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. मग ठरलं की कार्यक्रम करून द्यायची. मंडप, माईक, हार, आणि स्टँडवर हा मोठा फ्लेक्स, वर पुढाऱ्यांचे फोटो, खाली देणाऱ्यांची नावं रकमेसकट, आणि मधोमध त्या माणसाचा दवाखान्यातला फोटो, नाकात नळी, गाल बसलेले. कार्यक्रमात बायकोला स्टेजवर बोलावलं, पाकीट दिलं, फोटो नीट आला नाही म्हणून पाकीट परत घेऊन पुन्हा दिलं. मी खाली बसलेलो होतो. तिनं दोन्ही वेळा हात जोडले. त्यांची मुलगी माझ्या वर्गात, दहावीला होती, आणि शाळेला यायचा रस्ता स्टँडवरूनच. पोरगी लांबच्या पांदणीनं यायला लागली, चिखलातून, उशिरा यायची, मी विचारलं तर बोलली नाही. तिची मायच शाळेत आली. म्हणाली, गुरुजी, पैसे वापस घेऊन जा म्हणावं, पण तेवढा बोर्ड काढायला सांगा. बोर्ड काढला लोकांनी, लगेच काढला, कोणी वाद घातला नाही, कारण कोणाच्या मनात पाप नव्हतंच. पण राजेहो, ते जमलेले पैसे दोन महिन्यांत संपले, आजार त्यानंतरही चालला, आणि परत मागायला ती बाई कोणाच्याही दारात गेली नाही. तिनं बाळी विकली, मग बैल विकले, आणि समोर राहणाऱ्यांनासुद्धा बैलबंडी बैलांविना दिसली तेव्हा समजलं. ज्या घराला एकदा स्टेजवर उभं केलं ते घर दुसऱ्यांदा मागत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून माझी हात जोडून विनंती आहे, आपल्या गावात फ्लेक्स नको, स्टेटसला फोटो नको, देणाऱ्यांची यादी ग्रुपवर नको. एक वही, दोन माणसं, बस.

हं, अध्यक्ष घड्याळ पाहून राहिले. आटोपतो, पण सेवाग्रामचं सांगितल्याशिवाय नाही. कस्तुरबा हॉस्पिटलमध्ये डॉ. उल्हास जाजूंनी आसपासच्या गावांसोबत ज्वारीचा विमा चालवला, 80 च्या दशकातली गोष्ट. हंगाम निघाला की घराघरातून ज्वारी गोळा व्हायची, भूमिहीनाचा वाटा कमी, ज्याला जास्त एकर त्याचा जास्त, आणि गावातली 75 टक्के घरं सामील झाली तरच गाव योजनेत. त्यातून आजारपणात दवाखान्याचा आधार. किती विचार आहे पहा त्यात. आजार येण्याच्या आधी द्यायचं, म्हणजे कोणाला हात पसरावा लागत नाही. आणि कास्तकाराकडं असते तेव्हा, त्याच्याकडं जे असते ते द्यायचं. आपण जूनमध्ये वर्गणी मागतो, बियाणं-खताला स्वतःच उधारी काढलेली असते, मग शंभराची नोट देऊन माणूस तोंड लपवतो. आता सोयाबीन निघालं आहे, कापूस येतो आहे, एकरी किती द्यायचं तो ठराव करा, ज्याला वावर नाही त्यानं एक दिवसाचं काम लिहून द्यावं. याचं सविस्तर बोलणार होतो, वेळ नाही, मंडळानं पुढच्या बैठकीत घ्यावं.

कागदाचं झटपट सांगतो. फुले जन आरोग्य योजना, 2012 मध्ये राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आपल्याकडचे अमरावती आणि गडचिरोली त्यात होते, आता पूर्ण राज्यात, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. पण ते अख्ख्या कुटुंबाचे मिळून, हे ध्यानात ठेवा. दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं टेबल असते, पहिले तिथं जा, बाहेरच्या एजंटाकडं नको, फोन 155388. ट्रस्टच्या धर्मादाय हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड तयार ठेवा. दुर्धर आजारानं कमावता येत नसेल तर संजय गांधी निराधारमध्ये महिन्याला 1500 रुपये, अर्ज तहसीलला. तहसीलच्या चकरा त्या बाईनं मारायच्या नाहीत, ज्याच्याकडं मोटारसायकल आहे आणि ज्याला बाबू लोकांशी बोलता येते अशा एकानं हे काम अंगावर घ्यावं. कोणी आहे का? बरं, तुम्ही. लिहून घ्या यांचं नाव.

आणखी एक, लवकर. ती बाई आपली किडनी द्यायला तयार आहे, तपासण्या चालू आहेत. जुळली तर ऑपरेशननंतर तीही महिना-दोन महिने वजन उचलणार नाही, म्हणजे घरात दोघंही खाटेवर, आणि त्याच्या गोळ्या तर जन्मभराच्या. तेव्हा म्हातारीला आणि लेकरांना दोन वेळचा डबा कोणाकडून, हे आत्ताच ठरवा, ऑपरेशनच्या दिवशी नको. बचत गटाच्या बायांनी वार वाटून घ्यायचं मान्य केलं आहे, मी काल बोललो. त्यात मीठ कमी, आणि भाजी कोणती चालते तो डॉक्टरांचा कागद तिच्याकडून मागून घ्या.

खंजिरी काढली वाटते. शेवटचं, त्यांच्या वावरातला कापसाचा पहिला वेचा फुटून पडला आहे, मजूर मिळून नाही राहिला, आणि आभाळ तर तुम्ही पाहूनच राहिले, ओला झाला की भाव गेला. रविवारी सकाळी सात वाजता नाल्याकडच्या धुऱ्यावर या, वेचणीचे फडके ज्याचे त्यानं आणा, बंडी पाटलांनी द्यायची कबूल केली आहे. चहा-पाणी आपण घरून न्यायचं, त्या घरी चूल पेटवायला लावायची नाही.